पावसात राबणाऱ्या पिकअपला दुसरी बॅटरी कशी बसवावी

जून लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या दुकानासमोर एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. मागच्या हौद्यात विंच, म्हणजे अडकलेल्या गाड्या ओढून काढणारं मोटरचं यंत्र, बसवलेल्या पिकअप. गगनबावड्याच्या रस्त्यावर झाड आडवं झालं, करूळ घाटाच्या अलीकडं टेम्पो चरीत गेला, कुठं शेताच्या वाटेवर भरलेली ट्रॉली रुतली, की या गाडीवाल्यांचे फोन वाजतात. आणि दोन-चार दिवसांनी ते माझ्याकडं येतात. "मिस्त्री, दोन गाड्या ओढल्या की बॅटरी बसते. तिसऱ्या वेळेला आमच्याच गाडीला जंपर लावायची पाळी येते. दुसरी बॅटरी टाकून द्या."

दुसरी बॅटरी मी टाकून देतो. पण आधी त्या माणसाला स्टुलावर बसवून एक गोष्ट सांगतो. बॅटरी वीज तयार करत नाही, फक्त साठवते. तयार करतो तो इंजिनच्या बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला हे लगेच कळतं. हौद मोठा बांधला म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही. मोटर जेवढं उपसते तेवढंच हौदात पडणार. दुसऱ्या हौदाचा फायदा एवढाच की एकदम जास्त पाणी लागलं तर ते मिळतं, आणि घरच्या पिण्याच्या टाकीला हात लावावा लागत नाही. इथं पिण्याची टाकी म्हणजे गाडी चालू करणारी मूळ बॅटरी. ती कुठल्याही परिस्थितीत भरलेली राहिली पाहिजे. पुढचं सगळं काम त्यासाठीच आहे.

बर्फ पडणाऱ्या देशांत हीच अडचण फार जुनी आहे. तिथं पिकअपच्या तोंडाला मोठा फाळ लावून रस्त्यावरचं बर्फ ढकलतात. तो फाळ उचलणारा हायड्रॉलिक पंप १२ व्होल्टच्या मोटरवर चालतो आणि उचलताना दीड-दोनशे अँपिअर सहज ओढतो. गाडी हळू, सारखी पुढं-मागं, वायपर चालू, लाइट चालू, हीटर चालू. त्यात शून्याखाली १८ अंशांवर बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून तिथले लोक दुसरी बॅटरी बसवतात. आपल्याकडं बर्फ नाही, पण जुलैतल्या पावसात गगनबावड्याच्या रस्त्यावर रात्री विंचवर काम करणाऱ्या गाडीचं दुखणं तेच आहे. इंजिन जागेवर फिरतं, वेग नाही, आणि विजेची मागणी मात्र सगळ्या बाजूंनी.

आधी खर्च मोजा

कागद-पेन्सिल घ्या आणि गाडीचा खर्च लिहा. हेडलाइटचे दोन बल्ब, १० अँपिअर. वायपर ५. काचेवर वाफ धरू नये म्हणून ब्लोअर, १२. इंजिनचा कंप्युटर, इंधनाची यंत्रणा, पार्किंग लाइट मिळून १०. मागं कामासाठी ४८ वॅटचे चार एलईडी लावलेत, त्यांचे १६. बेरीज ५३. अल्टरनेटरवर ९० अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा जोरात फिरतानाचा. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता जागेवर फिरत असताना त्याच्या निम्मं मिळालं तरी बरं म्हणायचं. म्हणजे ४५. विंचला हात लावण्याआधीच गाडी आठ अँपिअरनं तोट्यात आहे.

आता विंच. रिकामी ड्रम फिरताना ६० ते ८० अँपिअर, आणि ओझं पूर्ण आलं की मोठी विंच ३५० ते ४०० पर्यंत जाते. सरासरी २५० धरा. तीन मिनिटं ओढलं तर साडेबारा अँपिअर-तास गेले. इंजिन १५०० च्या फेऱ्यांवर ठेवलं तर अल्टरनेटरकडं वीसेक अँपिअर शिल्लक राहतात, त्या हिशेबानं हे साडेबारा भरून यायला चाळीस मिनिटं. प्रत्यक्षात बॅटरी शेवटी शेवटी सावकाश भरते, म्हणून तास धरा. आणि पुढची गाडी दहा मिनिटांत उभी असते.

हे आकडे माझे सरासरीचे आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा. त्यासाठी केबलभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, आणि तो डीसी मोजणारा हवा. घरच्या वायरिंगवाल्याकडचा स्वस्तातला मीटर बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो. तो बॅटरीच्या केबलला लावला की शून्य दाखवतो आणि माणूस समजतो सगळं ठीक आहे.

जुनं दुखणं आधी काढा

नवी बॅटरी घ्यायच्या आधी जुन्या यंत्रणेची तपासणी करा. कितीतरी गाड्या माझ्याकडं दुसऱ्या बॅटरीसाठी आल्या आणि फक्त एक अर्थची, म्हणजे बॅटरीचा मायनस चासीला आणि इंजिनला जोडणारी, केबल बदलून परत गेल्या.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ किंवा वर असेल तर ती भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ वर आली असेल तर तळ दिसायला लागला. मग सेल्फ मारताना बघा, आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी चालू करून १५०० फेऱ्यांवर ठेवा, १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं पाहिजे. नव्या काही गाड्यांत कंप्युटर अल्टरनेटरला स्वतःच कमी-जास्त करतो, तिथं हा आकडा कधी १२.८ तर कधी १५ च्या जवळ दिसेल. तसं दिसलं तर लक्षात ठेवा, पुढं दोन बॅटऱ्या जोडणारा रिले निवडताना त्याचा संबंध येतो.

शेवटची तपासणी अर्थची. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि मदतनिसाला सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टच्या वर दिसलं तर इंजिन ते चासी किंवा चासी ते बॅटरी यांपैकी एक जोड खराब आहे. पावसाळ्यात चिखल खाऊन केबलच्या टोकाच्या धातूच्या थिंबलखाली हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते. तो जोड उघडा, पॉलिश पेपरनं धातू चकचकीत करा, घट्ट बसवा. बेल्ट ढिला असेल तर तोही आत्ताच.

कुठली बॅटरी

आपल्याकडं सगळ्यात जास्त होणारी चूक इथली आहे. घरात इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी पडलेली असते, दीडशे अँपिअर-तासांची, आणि गाडीवाला म्हणतो तीच टाका. टाकू नका. ट्युब्युलरच्या प्लेटा जाड असतात. तासन् तास थोडा थोडा करंट द्यायला ती उत्तम आहे. विंचला लागतो एकदम अडीचशे-तीनशेचा झटका, तिथं तिचा व्होल्टेज कोसळतो. शिवाय तिचं वजन पन्नास किलोच्या पुढं, उंची जास्त, आणि घाटातल्या खड्ड्यांत ती हादरे सोसण्यासाठी बनवलेलीच नाही.

गाडीची म्हणून मिळते तीच, ८० ते १०० अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. जमलं तर मूळ बॅटरीच्याच कंपनीची, त्याच जातीची. मूळ बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर माझा सल्ला दोन्ही एकदम नव्या घेण्याचा. खर्च वाढतो हे मला माहीत आहे, पण दोन्ही समांतर जोडल्यावर थकलेली बॅटरी नव्या बॅटरीतला करंट पीत राहते आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. लिथियमची विचारणा हल्ली होते. साध्या अल्टरनेटरला ती सरळ जोडू नका. तिला वेगळा डीसी-डीसी चार्जर लागतो, म्हणजे अल्टरनेटरची वीज बॅटरीला सोसेल तेवढीच देणारा, नाहीतर ती अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापून जळतो.

दोन बॅटऱ्यांमधला दरवाजा

दोन्ही बॅटऱ्या नुसत्या समांतर जोडल्या, प्लस प्लसला आणि मायनस मायनसला, तर काम होतं, पण विंच दोन्हींना एकदम रिकामं करते. मग मूळ बॅटरी राखून ठेवण्याचा हेतूच राहिला नाही. मधे दरवाजा हवा, जो भरताना उघडतो आणि वापरताना बंद होतो.

सगळ्यात स्वस्त दरवाजा म्हणजे हातानं फिरवायचा मेन स्विच. तो चांगला चालतो, फक्त माणसानं विसरता कामा नये. रात्री दोन वाजता भिजलेला माणूस विसरतो. दुसरा प्रकार, इग्निशनवर चालणारा जाड सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकानं जोडणारा स्विच. चावी फिरवली की जोडतो, काढली की तोडतो. बरा आहे, पण सेल्फ मारतानाही जोडलेलाच राहतो. तिसरा, व्होल्टेज बघून आपोआप जोडणारा रिले, ज्याला व्हीएसआर म्हणतात. अल्टरनेटर चार्ज करायला लागून व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेला की हा जोडतो, १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. विंचच्या गाडीला मी हाच बसवतो, सतत २०० अँपिअर सोसेल असा. करंट एकाच दिशेनं सोडणाऱ्या जुन्या डायोडच्या आयसोलेटरमध्ये ०.६-०.७ व्होल्ट वाटेतच जातो, म्हणून दुसरी बॅटरी कधी पूर्ण भरत नाही. तो नको.

बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या काही गाड्यांत, वर म्हटल्याप्रमाणे, कंप्युटर अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. तिथं साधा व्हीएसआर गोंधळतो, सारखा जोडतो-तोडतो. अशा गाडीला डीसी-डीसी चार्जरच लावा. महाग आहे, २०-३० अँपिअरच देतो, पण दुसरी बॅटरी नीट भरतो.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर साउंड लावणारी पोरंही हीच चौकशी करत येतात. हंगामात रात्रभर गाणी वाजवून सकाळी ट्रॅक्टर चालू होत नाही. त्यांना हाच लेख लागू आहे, फक्त करंट कमी असल्यामुळं केबल आणि रिले लहान चालतात.

जागा आणि ट्रे

विंच हौद्यात केबिनच्या मागं आहे असं धरून सांगतो. दुसरी बॅटरी त्याच्या जवळ, चासीच्या बाहेरच्या बाजूला, हौद्याच्या खाली बसवावी. डिझेलच्या टाकीच्या बाजूला नको, सायलेन्सरच्या बाजूला तर मुळीच नको. उष्णता बॅटरीची खरी वैरीण आहे. साधारण १० अंश तापमान वाढलं की तिचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी एका ठिणगीनं तो पेटतो. म्हणून पाण्याची बॅटरी केबिनमध्ये सीटखाली ठेवू नका. पेटीत ठेवायची तर पेटीला वर आणि खाली दोन्हीकडं भोकं हवीत. खालच्या भोकांतून पाणीही निघून जातं.

ट्रे ४ मिलिमीटरच्या अँगलचा. उद्यमनगरात कुठलाही फॅब्रिकेटर तासाभरात करून देतो, त्याला माप नीट द्या. बॅटरीच्या मापापेक्षा चारही बाजूंनी पाच मिलिमीटर सैल, आणि तळाला रबर मॅट. वरून पट्टी आणि दोन हुक बोल्ट. भरलेली बॅटरी पंचवीस किलोच्या आसपास असते, खड्ड्यात ती उसळते. हातानं हलवून पाहा. बॅटरी हलली तर सगळी गाडी हलली पाहिजे.

चासीला ट्रे बसवताना तयार भोकं वापरा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, तिथं वेल्डिंगही करू नका, ताण तिथंच येतो. कुठंही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरीचा मायनस काढा आणि कंप्युटरचा सॉकेट सोडवा. गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमला आधी विचारा. विंच किंवा मोठा बदल केलेल्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, म्हणून आरटीओकडं आणि विमा कंपनीकडं त्याची नोंद करून ठेवा. अपघातानंतर हे निघण्यापेक्षा आधी निघालेलं बरं.

केबल

माझं अर्धं आयुष्य बारीक केबल बदलण्यात गेलंय, म्हणून इथं जरा थांबतो.

तांब्याची ३५ स्क्वेअर मिलिमीटरची केबल घेतली तर दर मीटरला सुमारे अर्धा मिलिओहम रोध येतो. मूळ बॅटरी ते दुसरी बॅटरी जायचं तीन मीटर, यायचं तीन मीटर, असे सहा. १०० अँपिअर वाहिले की ०.३ व्होल्ट गेला. तेवढा चालतो. १६ ची घेतली तर ०.६६ जातो. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि दुसऱ्या बॅटरीला १३.५ पोचतोय, मग ती भरणार कशी? म्हणून दोन बॅटऱ्यांमधली केबल ३५, आणि बॅटरी ते विंच ५० किंवा ७०. विंचची केबल जाऊन-येऊन तीन मीटरच्या आत ठेवली तर ५० मध्ये ३०० अँपिअरला ०.३ व्होल्टच जातो. बॅटरी विंचच्या जवळ बसवायची ती यासाठी.

वेल्डिंगची केबल चालते का, असं कोल्हापुरात हमखास विचारतात, कारण ती इथं गल्लोगल्ली मिळते. शुद्ध तांब्याची असेल तर चालते, लवचीक असते म्हणून वळवायला सोपी. पण टोक सोलून चाकूनं एक तार खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. ती परत करा.

टोकाला टिनचा मुलामा असलेली तांब्याची थिंबल, आणि ती हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबलेली. हातोडीनं ठोकलेली थिंबल दिसायला घट्ट दिसते, पण आत तारांमध्ये हवा राहते, तिथं ती तापते. नुसती झाळ भरूनही चालत नाही, तापली की झाळ मऊ पडते. क्रिंप केल्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, म्हणजे पाणी तारेतून आत चढत नाही.

अर्थ विसरू नका. प्लसला ३५ ची केबल आणि मायनसला चासीच्या एका रंगवलेल्या बोल्टला बारीक वायर, असं काम मी खूप पाहिलंय. जेवढा करंट प्लसनं जातो तेवढाच मायनसनं परत येतो. विंचचा मायनस थेट दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला. दुसऱ्या बॅटरीचा मायनस जवळच चासीला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. आणि तिथून एक ३५ ची केबल पुढं इंजिनच्या मुख्य अर्थला. नव्या गाड्यांत मूळ बॅटरीच्या मायनसवरच एक छोटा सेन्सर असतो. नवी अर्थ केबल त्या टर्मिनलवर जोडू नका, सेन्सरच्या पलीकडं चासीवर जोडा. नाहीतर कंप्युटरचा हिशेब चुकतो.

फ्यूज: दोन्ही टोकांना

काही वर्षांपूर्वी एक पिकअप टोइंग करून माझ्याकडं आणली. दुसरी बॅटरी दुसरीकडं कुणीतरी बसवून दिली होती. केबल चांगली जाड होती, थिंबलही नीट होत्या. फक्त फ्यूज नव्हता, आणि केबल चासीच्या एका आडव्या पट्टीच्या कडेवरून नुसती टाकलेली होती. मी खाली झोपून टॉर्च मारला. कडेवर केबलचं रबर एक रुपयाच्या नाण्याएवढं झिजून गेलं होतं, आणि त्या जागी लोखंडावर वितळलेल्या तांब्याचा काळपट-लाल मणी चिकटलेला होता. तिथून पुढं हातभर केबलचा कोळसा झाला होता. वरच्या हौद्याच्या फळ्या जळाल्या होत्या. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन उडी मारली म्हणून तो वाचला.

तेव्हापासून फ्यूजशिवाय केबल मी कुणाच्याही गाडीला जोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन फ्यूज लागतात, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत एक. कारण केबल मधे कुठंही चासीला टेकली तर करंट दोन्ही बाजूंनी येतो. एकाच बाजूला फ्यूज असेल तर तो उडेल, पण दुसरी बॅटरी केबल जाळतच राहील. ३५ च्या केबलला १५० अँपिअरचा बोल्टवाला फ्यूज. फ्यूज केबलला वाचवतो, म्हणून तो केबलच्या ताकदीपेक्षा मोठा कधीच नको. उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे आगीला बोलावणं.

विंचच्या केबलवर बॅटरीजवळ जाड मेन स्विच हवाच, आणि विंच बनवणाऱ्यानं सांगितलेल्या रेटिंगचा फ्यूज. काम संपलं की मेन स्विच बंद. विंचचा सोलेनॉइड चिकटून बसला तर तोडायला हीच एक जागा असते. एलईडीला वेगळी वायर आणि वेगळा २०-२५ अँपिअरचा फ्यूज. व्हीएसआरच्या बारीक सिग्नल वायरलाही एक छोटा फ्यूज हवा.

बसवायचा दिवस

हातातलं कडं, अंगठी, गळ्यातली चेन काढून ठेवा. हे वरवरचं सांगत नाही. पाना प्लसवर आणि कडं चासीला असं झालं तर चांदीचं कडं क्षणात लाल होतं, आणि ते मनगटावरून काढता येत नाही. डोळ्याला गॉगल. जवळ बादलीभर पाणी आणि खायचा सोडा, ॲसिड सांडलं तर त्यासाठी.

मूळ बॅटरीचा मायनस आधी काढा, मग प्लस. आधी प्लस काढायला गेलात आणि पाना बॉडीला लागला तर थेट शॉर्ट. रेडिओचा कोड असेल तर आधी लिहून घ्या.

ट्रे आणि बॅटरी बसवा, पण अजून काहीही जोडू नका. केबल आधी जागेवर नुसती अंथरून बघा. चासीच्या आतल्या बाजूनं, ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्यांपासून चार बोटं लांब, प्रोपेलर शाफ्टपासून आणखी लांब, सायलेन्सरपासून हातभर. नालीदार प्लास्टिक पाइपात घाला. जिथं पत्र्यातून जाते तिथं रबर ग्रोमेट, जिथं कड आहे तिथं जुन्या रेडिएटर पाइपचा तुकडा चिरून बसवा. दर वीतभर अंतरावर रबरवाला क्लिप मारा. केबिन आणि चासी वेगवेगळ्या हलतात, तिथं थोडी ढील ठेवा.

व्हीएसआर मूळ बॅटरीजवळ, उंच आणि कोरड्या जागी. त्याची अर्थ वायर मी सरळ चासीला नेत नाही, डॅशबोर्डवरच्या एका छोट्या स्विचमधून नेतो. स्विच बंद केला की दोन्ही बॅटऱ्यांची लिंक तुटते. हा स्विच नक्की बसवा, त्याचा उपयोग खाली सांगतो.

फ्यूज होल्डर बसवा, पण फ्यूज बाहेर ठेवा. दुसऱ्या बॅटरीचा प्लस जोडा, मग तिचा मायनस. मूळ बॅटरीचा प्लस, मग तिचा मायनस. आता दोन्ही बॅटऱ्यांचा व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेली बॅटरी चार्जरवर आधी भरा. मग फ्यूज बसवा. टर्मिनल कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. कसण्याआधी मधे लावू नका.

तपासणी

गाडी चालू करा, लिंकचा स्विच चालू करा. मिनिटभरात व्हीएसआरची टकटक ऐकू येते. आता दोन्ही बॅटऱ्यांवर मीटर लावा. फरक ०.३ व्होल्टच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर एकेक जोड तपासा, मीटरची एक तार जोडाच्या अलीकडं, दुसरी पलीकडं. चांगल्या जोडावर काहीही दिसत नाही.

विंचला एखादं जड वाहन लावून मिनिटभर ओढा, आणि लगेच मेन स्विच बंद करून हाताच्या पाठीनं प्रत्येक थिंबल चाचपा. कोमट चालेल. हात लावून ठेवता येत नसेल तर तो जोड परत करा. शेवटी गाडी बंद करून, दारं लावून, अर्ध्या तासानं मूळ बॅटरीतून किती करंट गळतो ते मोजा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर काहीतरी चालू राहिलंय.

रस्त्यावर वापरताना

ओढायला सुरुवात करण्याआधी डॅशबोर्डवरचा स्विच बंद. म्हणजे विंच फक्त दुसरी बॅटरी वापरते, लिंकच्या केबलमधून तीनशे अँपिअर जात नाहीत आणि १५० चा फ्यूज उडत नाही. ओढून झालं की स्विच चालू, इंजिन १५०० वर, गरज नसलेले लाइट आणि ब्लोअर बंद. एका दमात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ओढू नका, विंचची मोटर तापते. मधल्या वेळात गाडी बंद करायचा मोह होतो, पण रात्रीच्या कामात दोन गाड्यांच्या मधे इंजिन चालूच ठेवा.

दुसऱ्या बॅटरीचा व्होल्टेज दाखवणारा छोटा डिजिटल मीटर डॅशबोर्डवर लावा. विंच थांबवून मिनिटभरानं १२.२ च्या खाली दिसला तर ती गाडी शेवटची समजा आणि बॅटरी भरेपर्यंत थांबा. मूळ बॅटरी रिकामी होऊन सेल्फ मारेनासा झाला, तर हाच स्विच उपयोगी पडत नाही, कारण व्होल्टेज नसताना व्हीएसआर जोडत नाही. त्यासाठी गाडीत जंपर केबल ठेवा, मदतीची बॅटरी आता तुमच्याच गाडीत आहे.

२०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक थांबली, तेव्हा या गाड्यांना रात्रंदिवस काम होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर गेली की धोका, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. पाणी ३९ कडं सरकायला लागलं की मी माझ्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगतो, दोन्ही बॅटऱ्या आज रात्री घरच्या चार्जरवर लावा. अल्टरनेटर शेवटचे वीस टक्के भरायला तासन् तास घेतो, चार्जर ते रात्रीत करतो. आणि पाण्यातून गाडी घालायची वेळ आलीच, दुसऱ्या बॅटरीची पेटी बुडेल असं वाटलं, तर आधी विंचचा मेन स्विच आणि लिंकचा स्विच दोन्ही बंद करा.

महिन्यातून एकदा पाण्याची पातळी बघा, फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नको. पाण्यातून आल्यावर पेटी उघडून गाळ धुवा. टर्मिनलवर बुरशी आली तर गरम पाण्यात सोडा घालून धुवा, वाळवा, जेली लावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. नवी घेताना दुकानदाराला परत करा, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि दुकानात तिची किंमतही मिळते.

काम झालं की मी पेटीच्या झाकणाच्या आत पांढऱ्या रंगानं लिहितो: बॅटरीची तारीख, लिंक फ्यूज १५०, विंच फ्यूज किती, केबल कुठून कुठं गेलीय त्याची साधी रेघ. दोन वर्षांनी भर पावसात एखाद्या अनोळखी मिस्त्रीनं ते झाकण उघडलं तरी कुठला फ्यूज कशाचा, हे त्याला तिथंच दिसतं.